रेषेपलीकडचे उणे तीन

फत्तेसिंहराव जगतापांच्या घराण्यात हात आधी उठायचा आणि कारण मागाहून यायचं. पणजोबा बडोदा संस्थानच्या घोडदळात, आजोबा पायदळात. वडील सुभानराव यांच्या वाट्याला फौज अशी आलीच नाही; संस्थान विलीन झालं आणि ते एका कापड गिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्यांचे जमादार झाले. पिढीगणिक घोडा गेला, तलवार गेली, पगडी गेली. हात तेवढा शाबूत राहिला. त्याला बाहेर शत्रू उरला नाही, म्हणून तो घरात फिरू लागला.

सुभानराव मॅट्रिकला दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा आपटले होते. त्या दोन वर्षांतून बीजगणिताचा एकच नियम त्यांच्या डोक्यात शिल्लक राहिला: बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की चिन्ह बदलतं. हा नियम त्यांनी फत्तेसिंहाला कमरेच्या पट्ट्यानं शिकवला. पोराच्या पाठीवर वळ उठले, पण नियम पक्का झाला. बीजगणितात अडतीस मार्क पडले तेव्हा सुभानरावांनी गल्लीत पेढे वाटले आणि पट्ट्याला तेल लावून ठेवलं.

पुढे फत्तेसिंहराव बडोद्याच्याच एका मराठी शाळेत व्यायामशिक्षक झाले. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. उजव्या हाताचा माणूस समोरच्याच्या डाव्या कानाखाली वाजवतो, त्यामुळे त्या शाळेतल्या तीन पिढ्या 'जगताप सर' असं ऐकलं की आजही डाव्या कानाला हात लावतात. एका पोराचा पडदा फाटला. त्याचा बाप ट्रक चालवायचा. तो दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मैदानात आला, चारशे पोरांसमोर सरांची गळपट्टी धरली आणि त्यांचे दोन दात पाडले. प्रकरण शाळेनं मिटवलं. फत्तेसिंहरावांना त्या माणसाचा राग मुळीच आला नाही. 'हात चांगला होता त्याचा,' असं ते रुमालात रक्त थुंकत म्हणाले, आणि आयुष्यभर म्हणत राहिले. आपण काय केलं होतं ते मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला तर वाटतं, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

घरी एकुलता एक मुलगा होता, पृथ्वीराज. लाठी हातातून निसटली, मार. पतंग उडवताना हाक ऐकली नाही, मार. कमळाबाई एकदा मध्ये पडल्या तेव्हा त्यांच्या बांगड्या फुटून काच मनगटात घुसली. बायकोच्या मनगटातली काच फत्तेसिंहरावांनीच चिमट्यानं काढली, हळद भरली, पट्टी बांधली, आणि मग उठून राहिलेला मार पुरा केला. अठराव्या वर्षी पृथ्वीराज इंजिनिअर व्हायला सुरतेला गेला तो घरचा राहिलाच नाही. सावली गावाजवळच्या कारखान्यात नोकरी लागून तो बडोद्यात परत आला, लग्न करून मांजलपूरला राहिला, आणि फतेगंजला आईबापांकडे यायचा तो दसऱ्याला आणि दिवाळीला. आला की दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. बूट काढायचा, पण हाताशी ठेवायचा.

त्याची मुलगी सानवी. बापानं आजोबांपासून लेक बारा वर्षं जपून ठेवली आणि एका दसऱ्यानं सगळ्यावर पाणी फिरवलं. फतेगंजच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, फत्तेसिंहराव निवृत्तीनंतर दर रविवारी ज्यांना लाठी शिकवत त्या पोरापोरींनी प्रात्यक्षिक केलं. पासष्टीचे आबा तिघांच्या मारातून फिरत होते, तिघांच्याही लाठ्या जमिनीवर पडल्या, आणि सानवी आ वासून बघत राहिली. मला हेच शिकायचं, म्हणाली. तीन आठवडे जेवताना, झोपताना, शाळेच्या व्हॅनमध्ये चढताना एकच धोशा.

शेवटी पृथ्वीराज तिला घेऊन आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"आबा, लाठी शिकवा. लाठीवर लाठी लागेल, बोटं सुजतील, ते चालेल. पण तुमचा हात तिच्यावर उठला ना, एकदाही, तर ती परत येणार नाही. मीही नाही. हे मी दुसऱ्यांदा सांगायचा नाही."

बापाला असं कुणी बोलण्याची त्या घरात ही पहिली वेळ. कमळाबाईंनी पदर मुठीत धरला. फत्तेसिंहरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नात त्यांच्या लाठीला हात लावून बघत होती. ते म्हणाले, "बरं."

आता ज्या माणसाच्या हातानं सहासष्टाव्या वर्षापर्यंत कधी कुणाची परवानगी मागितली नाही, त्याला तो हात दर रविवारी आवरायचा होता. त्यांनी आवरला. राग आला की ते उजवा हात मांडीखाली दाबून बसत. एकदा सानवीनं त्यांचं आवडतं घड्याळ पाडलं तेव्हा ते उठून मोरीत गेले आणि भिंतीवर गुद्दा मारला, टाइल तडकली, बोटांची सालटी निघाली, आणि बाहेर येऊन म्हणाले, "घड्याळ जुनंच होतं." असे अकरा महिने काढले. कारण सोपं होतं. पोरगी फाटकापासून "आबाऽऽ" अशी आरोळी ठोकत यायची, आणि ती आरोळी ऐकायला फत्तेसिंहराव सात वाजल्यापासून गॅलरीत उभे असायचे. त्यांचा तिच्यावर जीव जडला होता. असा जीव त्यांनी आजवर कुणाला लावला नव्हता, स्वतःच्या मुलाला तर नाहीच, आणि हे त्यांना स्वतःला कळत होतं.

मैदानावर मात्र ते जुनेच होते. लाठीवर लाठी अशी आदळायची की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत. "मार आला की विचार करायचा नाही! आधी अडव, मग लगेच उत्तर दे. विचार करणारा मरतो." बोलता बोलता, पाणी पिता पिता ते अचानक लाठी फिरवत. सानवीच्या पोटऱ्यांवर निळे डाग पडले, अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. ती रडली नाही. सहा महिन्यांत तिला मागून आलेला मारसुद्धा अडवता येऊ लागला.

आणि मग बीजगणित आलं.

आठवीच्या पहिल्या चाचणीत सानवीला पंचवीसपैकी सहा मिळाले. लाठी टाकून ती मैदानातच रडायला बसली. "आबा, मला दाखले येतच नाहीत." बडोद्याच्या शाळांत गणितातल्या उदाहरणाला दाखला म्हणतात आणि गृहपाठाला लेसन. तिचं लेसन आठवड्याभराचं तुंबलं होतं. फत्तेसिंहरावांनी वही हातात घेतली, इंग्रजीतले एक्स आणि वाय बघितले, आणि त्यांना पट्ट्याखाली शिकलेला तो एकमेव नियम आठवला. पण पट्टा वापरायची सोय नव्हती. मग त्यांनी डोकं वापरलं, आणि ते खरोखरच चाललं.

चुन्याची फक्की घेऊन त्यांनी मैदानाच्या मधोमध रेषा ओढली. ही रेषा म्हणजे बरोबरचं चिन्ह. पोरं दोन्हीकडे उभी केली. लाठी उजव्या हातात तो अधिक, डाव्या हातात तो उणे. "जो रेषा ओलांडेल त्यानं हात बदलायचा. अधिक गेला की उणे होतो, उणे गेला की अधिक. अपवाद नाही!" क्ष अधिक सात बरोबर बावीस. सात नंबरचा पोरगा उजव्या हातात लाठी घेऊन रेषेकडे पळाला, ओलांडताना लाठी डाव्या हातात घेतली. बावीस उणे सात, पंधरा. हात बदलायला विसरेल त्याच्या पोटरीवर लाठी बसायची. एका सकाळीत सानवीला कळलं ते शाळेतल्या बेनला, म्हणजे गणिताच्या बाईंना, दोन महिन्यांत सांगता आलं नव्हतं.

पुढच्या चाचणीत एकोणीस मिळाले. फत्तेसिंहरावांनी पेपरचा फोटो अख्ख्या सोसायटीला दाखवला, दूधवाल्यालाही सोडलं नाही. त्या रविवारी पृथ्वीराज सानवीला न्यायला आला तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला नाही. आत सोफ्यावर बसला, चहा घेतला, आणि बूट बाहेर जिन्यातच राहिले. कमळाबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. फत्तेसिंहरावांनाही दिसलं. आता आपल्याला मुलगाही परत मिळणार, असं त्यांनी मनात धरलं.

पुढची चाचणी सप्टेंबरातल्या एका सोमवारी होती. आदल्या रविवारी मैदान आटोपून सानवी जेवणाच्या टेबलाशी लेसन घेऊन बसली. सरावाची आखूड काठी तिनं सवयीनं मांडीवर आडवी ठेवली होती. साडेदहा वाजले होते. पृथ्वीराज अकराला यायचा होता. कमळाबाई आत सेवउसळीला फोडणी देत होत्या.

दाखला साधा होता. उणे तीन क्ष अधिक पाच बरोबर सतरा.

"पाच गेले पलीकडे, हात बदलला," फत्तेसिंहराव म्हणाले. "सतरातून पाच गेले, बारा. उणे तीन क्ष बरोबर बारा. आता हे उणे तीन पलीकडे गेले. हात बदलला. अधिक तीन. बाराला तीननं भाग. क्ष किती?"

"माइनस फोर," सानवी म्हणाली.

"चार. हात बदलला ने? मग चार." त्यांनी पेन्सिलीनं वहीत चार लिहिलं.

"नाही आबा. हे थ्री एकटे उभे नाहीत. एक्सला चिकटलेत, गुणाकारात आहेत. ते तिकडे जाऊन भागतात, पण त्यांचा हात नाही बदलत. माइनस तो माइनसच राहतो."

"रेषा ओलांडली की हात बदलायचा. अपवाद नाही."

"अपवाद आहे आबा. बेननं सांगितलं. मी पप्पांना पण विचारलं, ते पण हेच म्हणाले."

पप्पांचं नाव यायला नको होतं. फत्तेसिंहरावांनी उजवा हात मांडीखाली सारला.

"तुझ्या बापाला काय कळतं! चार लिही."

"पण मग खोटं पडतं, जुओ ने, बघा ना!" पोरगी उत्साहात होती, तिला दिसलंच नाही. "चार परत घाला. माइनस थ्री गुणिले चार, माइनस बारा येतात. इथं तर नुसते बारा आहेत. तुमचं चूक आहे, आबा. आधीपासून चूक आहे." आणि तिनं त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या चारावर लाल पेनानं फुली मारली.

अकरा महिने, पट्टा, बाप, अडतीस मार्क, चुन्याची रेषा, सगळं त्या फुलीखाली गेलं. मांडीखालचा हात बाहेर आला. तो कधी उठला हे फत्तेसिंहरावांना कळलं नाही; त्यांना तो थेट पोरीच्या डाव्या कानाकडे जाताना दिसला.

पोचला मात्र नाही. सानवीनं विचार केला नाही. काठी मांडीवरून उठली, हात वरच्या वर अडवला गेला, आणि त्याच झटक्यात काठी फिरून मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. ग्लास फुटला, खुर्ची उलटली, फत्तेसिंहराव टेबलाला धडकून खाली आले, भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पडल्या पडल्या त्यांचा डावा हात मुठीसकट वर आला.

पोरगी पाऊल रोवून उभी होती, काठी खांद्यामागे, पुढच्या मारासाठी तयार. अगदी शिकवलं तशी. तिचे डोळे मात्र शिकवल्यासारखे नव्हते. ती आजोबांकडे बघतच नव्हती. ती त्या डाव्या मुठीकडे बघत होती.

मूठ खाली आली. दारात कमळाबाई झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी झारा खाली ठेवला नव्हता, आणि त्या नवऱ्याकडे येत नव्हत्या, नातीकडे येत होत्या.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. भुवईला पाच टाके पडले. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "काका, केवी रीते पड्या?"

फत्तेसिंहरावांनी तोंड उघडण्याआधीच सानवी बोलली. "दादर परथी पडी गया." जिन्यावरून पडले. एवढ्यात पृथ्वीराज धावत आत शिरला तेव्हा त्यालाही तिनं तेच मराठीत सांगितलं, वर दोन गोष्टी जोडल्या: पायरी ओली होती, आबांचा चष्मा घरात राहिला होता. कमळाबाई गप्प राहिल्या. असल्या वेळी गप्प राहायचा त्यांना चाळीस वर्षांचा सराव होता.

सगळं जमून आलं होतं. फत्तेसिंहरावांनी नुसती मान हलवायची होती. पुढच्या रविवारी फाटकापासून आरोळी आली असती, मुलगा सोफ्यावर बसला असता. त्यांनी नातीकडे बघितलं. तेरा वर्षांची पोर, आणि किती सफाईनं खोटं बोलत होती! एका सकाळीत शिकली होती. हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि ह्याला रेषाही ओढावी लागली नव्हती. त्यांना प्लास्टरखालच्या हाडापेक्षा हे जास्त दुखलं.

"ती खोटं बोलते आहे," ते म्हणाले. "मी तिच्यावर हात उगारला. तिनं अडवला. मोडला ते बरं झालं."

"आबा!" सानवी ओरडली, आणि आता कुठे तिला रडू फुटलं.

पृथ्वीराज ओरडला नाही. त्यानं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून आधी एक कान बघितला, मग दुसरा. मग बापाकडे न बघता विचारलं, "कशावरून?"

"दाखल्यावरून. उणे तीन क्ष बरोबर बारा. मी चार म्हणत होतो."

"उणे चार," पृथ्वीराज म्हणाला. क्षणाचाही वेळ लागला नाही त्याला.

"हो. इथं बसून मी परत घालून बघितलं. उणे चारच येतात."

"सातवीत मीही उणे चारच लिहिलं होतं, आबा. तेव्हा तुम्ही लाकडी फूटपट्टी मोडली होतीत, पाठीवर. मग तिचा अर्धा तुकडा घेऊन पुन्हा. शेवटी मी चार लिहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सरांनी चूक काढली म्हणून परत मारलंत." तो हे तावातावानं बोलत नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "मी दवाखान्यात सांगितलं, कंपाउंडवरून पडलो."

त्यानं सानवीचं दप्तर उचललं. ती मागे वळून बघत होती, तिला तो खांद्याला धरून घेऊन गेला. त्यानं आधीच सांगितलं होतं की दुसऱ्यांदा सांगणार नाही. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दसऱ्याला दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

त्या दिवशी, ते दोघं निघून गेल्यावर, दवाखान्याच्या बाकावर फत्तेसिंहराव बराच वेळ बसून होते. ती फूटपट्टी आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांना निसटलेली लाठी आठवली, पतंग आठवला, बांगड्या आठवल्या, एकदा जिन्यातून ढकललेलं आठवलं, भर उन्हात गच्चीत उभं केलेलं आठवलं. एकामागून एक सगळं उकरलं. फूटपट्टीचा दिवस काही केल्या सापडेना. इतक्या मारांतून त्यांच्यापुरता तो कुठेतरी हरवून गेला होता.

"पृथ्वी सांगतो ते खरं का गं?" त्यांनी शेवटी बायकोला विचारलं. "मी तसं मारलं होतं?"

कमळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी महिना सांगितला, तारीख सांगितली, वार सांगितला, आणि त्या दिवशी घरात कुठली भाजी केली होती तेही सांगितलं.